तळहातावरची जिप्सी

परेडच्या दिवशी प्रमुख पाहुणे ज्या उघड्या गाडीतून परेडची पाहणी करतात ती जिप्सी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. या उन्हाळी सुट्टीत भिलाईच्या घरी मी एक जिप्सी बांधली. तिची लांबी ६.३ सेंटीमीटर आहे, वजन १७ ग्रॅम आहे, आणि ती रिमोटच्या हुकमावर पुढे, मागे, डावीकडे व उजवीकडे चालते. ती तळहातावर मावते आणि पुढची दोन बोटे मोकळी राहतात.

अशा अगदी लहान रेडिओ-नियंत्रित गाड्या बांधणे हा जगभर अनेकांचा छंद आहे. पाहणाऱ्याला तो खेळ वाटतो, आणि तो खेळ आहेच. पण एखादी वस्तू लहान केली की ती सोपी होते, असा जो आपला समज असतो तो या छंदात पहिल्याच आठवड्यात गळून पडतो. मोठ्या गाडीत चालून जाणारी ढिलाई लहान गाडीत चालत नाही. प्रत्येक ग्रॅमला, प्रत्येक तारेला आपण तेथे का आहोत याचा जबाब द्यावा लागतो. हा लेख त्या जबाबांविषयी आहे.

आकाराचे गणित

मारुती जिप्सी सुमारे ४ मीटर लांब आणि १.५४ मीटर रुंद असते. रिकामे वजन ढोबळमानाने १००० किलो धरू. मी निवडलेले प्रमाण १:६४ आहे. म्हणजे लांबी ६.३ सेंटीमीटर आणि रुंदी २.४ सेंटीमीटर. इथपर्यंत सोपा भागाकार आहे. आता वजन किती यावे?

पुष्कळ जण १००० ला ६४ ने भागतात आणि १५ किलोच्या वर उत्तर काढतात. साडेसहा सेंटीमीटरची गाडी १५ किलोची असेल तर ती उचलायला पीटी सरांनाच बोलवावे लागेल! कारण असे की लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ६४ पटींनी कमी होतात. म्हणून पृष्ठभाग ६४ × ६४ म्हणजे ४,०९६ पटींनी कमी होतो आणि घनफळ ६४ × ६४ × ६४ म्हणजे २,६२,१४४ पटींनी. वजन घनफळाच्या मागे जाते. १००० किलोला या आकड्याने भागले की उत्तर येते ३.८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक रुपयाच्या नाण्याएवढे.

माझी गाडी १७ ग्रॅमची आहे. हाच हिशेब उलटा केला तर माझी जिप्सी प्रत्यक्षात साडेचार टनांची ठरते. तरीही तिचा आस वाकत नाही. याचेही कारण त्याच गणितात आहे. आसाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि क्षेत्रफळ वजनापेक्षा कमी वेगाने घटते. म्हणून लहान वस्तू आपल्या वजनाच्या मानाने बळकट असतात. मुंगी स्वतःपेक्षा जड दाणा उचलते तेही याच नियमाने. माझी गाडी ७५ सेंटीमीटर उंच टेबलावरून पडली तेव्हा तिच्या मापाने ती ४८ मीटरवरून, म्हणजे साधारण पंधरा मजली इमारतीवरून पडली. नुकसान एवढेच झाले की कागदी हूड निघाला.

मग लहान गाडीला छळते काय? घर्षण, धूळ आणि वायरींचा ताठरपणा. माणसाचा केस सुमारे ०.०८ मिलिमीटर जाड असतो. १:६४ मध्ये तो ५ मिलिमीटर जाडीची दोरी होतो. अशी दोरी खऱ्या गाडीच्या आसाला गुंडाळली गेली तर काय होईल? सतरंजीची अर्धा सेंटीमीटरची कड माझ्या जिप्सीला ३२ सेंटीमीटर उंच बांध वाटते. आणि मापात एका मिलिमीटरची चूक म्हणजे मोठ्या गाडीत ६.४ सेंटीमीटरची चूक. एवढ्या चुकीत दरवाजा बसणार नाही.

भिलाईच्या मुलांना हे प्रमाण समजायला एक सोपे उदाहरण आहे. आमच्या पोलाद कारखान्यात, जिथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, भारतीय रेल्वेसाठी २६० मीटर लांबीचे रूळ तयार होतात. १:६४ मध्ये असा एक रूळ ४ मीटर ६ सेंटीमीटर लांब होईल. आमच्या क्वार्टरचा व्हरांडा साडेतीन मीटरचा आहे. म्हणजे खेळण्याच्या मापातसुद्धा तो रूळ आमच्या घरात मावणार नाही! एरवी नुसते ऐकलेले २६० मीटर मला त्या दिवशी डोळ्यांना दिसले.

रेडिओ लहान गाडीत कसा मावला

१८९५ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात भिंतींच्या पलीकडे विद्युतचुंबकीय लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि दारू पेटवून दाखवली. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नाव कोणताही दोर न लावता चालवली. रेडिओ-नियंत्रित वाहनांचा इतिहास तेथून सुरू होतो. पुढे १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडविरुद्धच्या युद्धात सोव्हिएत सैन्याने रेडिओवर चालणारे रणगाडे वापरले. त्यांना मागच्या दुसऱ्या रणगाड्यातून हुकूम दिले जात.

नाव आणि रणगाडा मोठे होते. सहा सेंटीमीटरच्या गाडीत रेडिओ मावायला शंभर वर्षे का लागली? पहिले कारण बॅटरी आणि सुटे भाग. दुसरे कारण अँटेना, आणि ते आपल्याला दहावीच्या पुस्तकातल्या सूत्राने समजते : तरंगलांबी म्हणजे वेग भागिले वारंवारता.

जुनी खेळणी २७ मेगाहर्ट्झवर चालत. रेडिओ लहरीचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला २ कोटी ७० लाखांनी भागले की तरंगलांबी ११ मीटरच्या थोडी वर येते. चांगली साधी अँटेना तरंगलांबीच्या पाव भागाएवढी असावी लागते, म्हणजे इथे सुमारे २.८ मीटर. खेळण्यात एवढी तार कोण लावणार? म्हणून आखूड तार वापरून काम भागवत, आणि गाडी चार पावलांवर गेली की हुकूम ऐकेनाशी होई. शिवाय एकाच वारंवारतेच्या दोन गाड्या जवळ आल्या तर एका रिमोटवर दोन्ही पळत. तरीही याच पद्धतीने जपानच्या टोमी कंपनीने २००१ साली ‘बिट चार-जी’ नावाच्या मुठीत मावणाऱ्या गाड्या आणल्या आणि या छंदाला मोठी चालना मिळाली.

आता बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तेच सूत्र लावा : तरंगलांबी १२.५ सेंटीमीटर, तिचा पाव भाग ३.१ सेंटीमीटर. माझ्या जिप्सीच्या निम्म्या लांबीची तार! ती हूडच्या आतून फिरवली की बाहेरून दिसतही नाही. शिवाय प्रत्येक रिमोट आपल्या गाडीशी आधी ओळख करून घेतो, त्यामुळे दहा गाड्या एकत्र चालल्या तरी प्रत्येक गाडी आपल्याच मालकाचे ऐकते. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा २००५ साली परवान्यातून मोकळा करण्यात आला. कोणतीही वारंवारता वापरण्यापूर्वी ती आपल्याला मोकळी आहे का हे पाहणे आपले कर्तव्य आहे. आकाशवाणीपासून विमानतळापर्यंत सगळ्यांचे काम याच हवेतून चालते.

गाडीची बांधणी

बाबांनी सुट्टीच्या पहिल्याच दिवशी दोन अटी घातल्या. रोज गणिताचा अभ्यास आधी, आणि खर्च हजार रुपयांच्या वर नाही. म्हणून मी आधी घरात काय मिळते ते शोधले.

चासीसाठी मुदत संपलेले बँकेचे कार्ड कापले. ते ०.७६ मिलिमीटर जाड असते, हलके असते आणि वाकवले तरी पुन्हा सरळ होते. हूड आणि दारे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची केली. आमच्याकडे पत्रिकांचा तोटा नाही. चाके म्हणजे शर्टाची बटणे, त्यावर नळाच्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या रबरी रिंगा. बाहेरचा व्यास ११ मिलिमीटर. जिप्सीच्या सुमारे ७० सेंटीमीटरच्या चाकाला ६४ ने भागले की हेच माप येते. आस म्हणजे १ मिलिमीटर जाडीची सुई. रेडिओचा बोर्ड आणि रिमोट एका मोडलेल्या चिनी खेळण्यातले. मोटर मात्र विकत घ्यावी लागली : ६ मिलिमीटर व्यासाची, आतच दातेरी चाके बसवलेली.

दातेरी चाके का लागतात? खरी जिप्सी ताशी ४० किलोमीटर वेगाने जाते तेव्हा सेकंदाला ११ मीटर कापते. १:६४ मध्ये हा वेग सेकंदाला १७ सेंटीमीटर होतो. चाकाचा परीघ साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे चाक सेकंदाला पाच वेळा, मिनिटाला ३०० वेळा फिरायला हवे. एवढी छोटी मोटर मात्र मिनिटाला हजारो फेरे घेते. ती थेट चाकाला जोडली तर गाडी भिंतीवर आपटेल किंवा जागची हलणारच नाही. दातेरी चाके वेग कमी करतात आणि त्याच प्रमाणात जोर वाढवतात. त्यामुळे माझी जिप्सी सावकाश चालते आणि खऱ्या गाडीसारखी दिसते.

आजोबा १९७० च्या दशकात वर्ध्याहून भिलाईला आले आणि निवृत्त होईपर्यंत मशीन शॉपमध्ये होते. आता त्यांचा हात थोडा थरथरतो, म्हणून भोके पाडायचे काम त्यांनी मला शिकवले आणि मोजायचे काम स्वतःकडे ठेवले. व्हर्नियर कॅलिपर ते अजून माझ्यापेक्षा लवकर वाचतात. त्यांनी मला सोल्डरिंगच्या आधी प्रत्येक भाग सोनाराकडच्यासारख्या छोट्या काट्यावर तोलायला लावला आणि वहीत तक्ता करायला लावला. तो तक्ता असा :

मोटर आणि दातेरी चाके : २ ग्रॅम
बॅटरी : ४ ग्रॅम
रेडिओ बोर्ड, वायर आणि अँटेना : ३ ग्रॅम
सुकाणूची कॉइल आणि चुंबक : २ ग्रॅम
चासी, आस आणि चाके : ४ ग्रॅम
हूड, दारे आणि रंग : २ ग्रॅम
एकूण : १७ ग्रॅम

तक्ता पाहून आजोबा म्हणाले, “रंगाचा दुसरा हात देऊ नको. तेवढ्यात तुझी अर्धी वायर बसते.” मी हसलो, पण तोलून पाहिले तर ते खरे होते. ट्रंक भरताना किटलिस्टमध्ये नसलेली वस्तू बाहेर काढावी लागते, तसेच हे आहे.

सुकाणू : ओहमचा नियम चाकापर्यंत

मोठ्या मॉडेलमध्ये चाके वळवायला सर्व्हो नावाची मोटर असते. माझ्या गाडीत तिला जागा नाही. म्हणून विद्युतचुंबक वापरला.

पुढची दोन्ही चाके एका आडव्या पट्टीने जोडलेली आहेत. पट्टीवर छोटे निओडिमियम चुंबक चिकटवले आहे आणि त्याच्या बाजूला चासीवर तांब्याच्या तारेची कॉइल बसवली आहे. कॉइलमधून प्रवाह एका दिशेने गेला की ती चुंबकाला ओढते. पट्टी सरकते आणि चाके डावीकडे वळतात. प्रवाहाची दिशा उलटली की ध्रुव उलटतात, चुंबक ढकलले जाते आणि चाके उजवीकडे वळतात. बटण सोडले की एक बारीक स्प्रिंग चाकांना सरळ करते. प्रवाह उलटा करण्याचे काम बोर्डावरचे चार इलेक्ट्रॉनिक स्विच करतात; त्यांपैकी समोरासमोरचे दोन एका वेळी सुरू होतात.

तार किती गुंडाळावी? सुपेल्यातल्या वाइंडिंगच्या दुकानात छोट्या ट्रान्सफॉर्मरसाठी ठेवलेली ४४ नंबरची तार मिळाली. तिची जाडी ०.०८ मिलिमीटर, म्हणजे केसाएवढी, आणि रोध मीटरला सुमारे ३.३ ओहम. मी ३०० वेढे दिले. एका वेढ्याची सरासरी लांबी १९ मिलिमीटर, म्हणजे एकूण सुमारे ५.७ मीटर तार आणि जवळपास १९ ओहम रोध. बॅटरी ३.७ व्होल्टची. ओहमच्या नियमाने प्रवाह ०.२ अँपिअरच्या आत येतो. एवढा प्रवाह बोर्डाला आणि बॅटरीला झेपतो.

इथे एक प्रश्न विचारतो. वेढे दुप्पट केले तर चुंबकाचा जोर दुप्पट होईल का? माझे उत्तर आधी ‘हो’ असेच येत होते. कागदावर मांडल्यावर ‘नाही’ आले. वेढे दुप्पट झाले की तार दुप्पट, रोध दुप्पट आणि प्रवाह निम्मा. जोर प्रवाह आणि वेढे यांच्या गुणाकारावर असतो, आणि तो गुणाकार होता तेवढाच राहतो. फायदा एवढाच की बॅटरी निम्मी खर्च होते. तोटा हा की तांब्याचे वजन दुप्पट होते. वर्गात ओहमचा नियम पाठ करताना मला कधी वाटले नव्हते की त्याचा निकाल ग्रॅममध्ये द्यावा लागेल.

चुंबकाची एक खोड सांगायलाच हवी. अंगणात गाडी चालवली की मातीतले काळे लोहकण चुंबकाला दाढीसारखे चिकटतात आणि पट्टी अडते. ते बोटाने निघत नाहीत. चिकटपट्टीने टिपून काढावे लागतात. म्हणून गाडी फरशीवर चालवावी आणि आधी फरशी झाडून घ्यावी. आईला ही अट फार आवडली.

चार ग्रॅमची जोखीम

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. माझ्या गाडीतली बॅटरी लिथियम पॉलिमर सेल आहे : २५ मिलिमीटर लांब, २० रुंद, ४ जाड, क्षमता १५० मिलिअँपिअर-तास. एवढ्यावर गाडी अर्धा-पाऊण तास चालते. पण हा सेल चुकीच्या पद्धतीने चार्ज केला, टोचला किंवा चेंगरला तर तो फुगतो आणि पेटही घेऊ शकतो.

बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळणारा चार्जिंग बोर्ड बहुधा टीपी ४०५६ या चिपचा असतो. चिप चांगली आहे. ती आधी ठरावीक प्रवाह देते आणि सेल ४.२ व्होल्टला पोचला की प्रवाह हळूहळू कमी करून थांबवते. पण तो ठरावीक प्रवाह किती, हे बोर्डावरचा एक छोटा रोधक ठरवतो. विकत मिळणाऱ्या बोर्डावर तो १.२ किलोओहमचा असतो आणि त्यामुळे प्रवाह १ अँपिअर येतो. मोबाइलच्या मोठ्या सेलला हे ठीक आहे. माझ्या सेलला सुरक्षित प्रवाह त्याच्या क्षमतेएवढा, म्हणजे ०.१५ अँपिअर. बोर्ड जसाच्या तसा जोडला तर त्याच्या साडेसहा पटींहून जास्त प्रवाह जाईल. तो रोधक काढून १० किलोओहमचा लावला की प्रवाह सुमारे ०.१३ अँपिअर होतो.

बोर्ड घरी आणल्यावर आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, “हा देतो किती?” दुकानदाराने सांगितलेले त्यांना चालले नाही. रोधक बदलून, मीटर लावून आकडा दाखवल्यावरच त्यांनी सेल हातात दिला. ज्या घरातला माणूस आयुष्यभर कारखान्यात गेला त्या घरात असे प्रश्न आपोआप विचारले जातात.

बाकीचे नियमही लिहून ठेवतो. सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. बरेच दिवस ठेवायचा असेल तर पूर्ण भरून नव्हे, ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. भिलाईच्या मे महिन्यात बंद पत्र्याच्या पेटीत किंवा उन्हातल्या गाडीत कधीही ठेवू नये. प्रवासात दोन्ही टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावावी. फुगलेला सेल पुन्हा वापरू नये, फोडू नये आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये.

चालवण्याचा सराव

गाडी तयार झाली म्हणजे चालवता आली असे नाही. ती आपल्यापासून दूर जाते तेव्हा डावे ते डावेच असते. ती आपल्याकडे येऊ लागली की डावे-उजवे उलटते आणि नवा चालक भिंतीवर जातो. यावर उपाय एकच : मनाने गाडीत बसायचे. माझ्या धाकट्या बहिणीला हे माझ्याआधी जमले, कारण ती गाडीतल्या माणसाशी बोलत बोलत चालवते.

आम्ही व्हरांड्यात खडूने रस्ता आखला. काड्यापेट्यांची गॅरेजे, फूटपट्टीचा पूल, वहीच्या पुठ्ठ्याचा चढ. स्पर्धा वेगाची ठेवली नाही. गॅरेजला धक्का न लावता गाडी मागे घ्यायची, पुलावरून दोन्ही चाके न उतरवता जायचे. धक्का लागला की पाच गुण कमी. या खेळात गडबड करणारा हरतो. खरी मजा त्यातच आहे : संध्याकाळी चौघे जण जमिनीला गाल टेकवून, श्वास रोखून एका गाडीकडे पाहत असतात, आणि ती पुलाच्या पलीकडे उतरली की सगळे एकदम ओरडतात.

खेळण्यापासून ‘दक्ष’पर्यंत

हे सर्व आपल्याला कशासाठी? पुण्याजवळ दिघी येथे डीआरडीओची अभियांत्रिकी आस्थापना आहे. तेथे ‘दक्ष’ हे दूरनियंत्रित वाहन विकसित झाले आणि २०११ साली त्याची पहिली तुकडी सैन्याला मिळाली. ‘दक्ष’ बॅटरीवर चालते, जिने चढते, संशयित वस्तूची क्ष-किरण तपासणी करते आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बॉम्ब निकामी करते. त्याचा चालक ५०० मीटरपर्यंत दूर राहून हे सर्व करू शकतो. ‘दक्ष’ आकाराने मोठे आहे, पण त्यातले प्रश्न आपल्याच ओळखीचे आहेत : हुकूम पोचतो का, बॅटरी किती पुरेल, कोणत्या भागाचे वजन कमी करता येईल, आणि समोरून येणाऱ्या गाडीचे डावे कोणते. फरक एवढाच की तिथे धक्का लागला तर पाच गुण जात नाहीत. ज्या जागी एखाद्या जवानाने चालत जायचे होते, तेथे एक यंत्र जाते आणि जवान घरी परत येतो.

शाळेत हा छंद कसा चालेल

सुट्टी संपल्यावर मी हा छंद डॉर्मिटरीत आणण्याची परवानगी मागितली. अर्ज परत आला आणि त्यावर हाउस मास्टर सरांनी एकच ओळ लिहिली होती : रात्री दोन वाजता सेलने पेट घेतला तर कोण काय करील? आमच्या डॉर्मिटरीत चाळीस मुले झोपतात, गाद्या एकमेकांना लागून आहेत आणि मच्छरदाण्या नायलॉनच्या आहेत. या प्रश्नाला ‘काळजी घेऊ’ हे उत्तर नाही. रात्री दोन वाजता सेल डॉर्मिटरीत नसेल, हेच एक उत्तर आहे.

मग भौतिकशास्त्राच्या सरांबरोबर बसून नियम लिहिले. सेल डॉर्मिटरीत येणार नाही. तो प्रयोगशाळेत पत्र्याच्या डब्यात, वाळूवर राहील. चार्जिंग फक्त रविवारी दिवसा, सर समोर असताना, लोखंडी ट्रेमध्ये, वाळूची बादली शेजारी ठेवून. वाळू अशी आग नक्की विझवते असे नाही, पण ती पसरू देत नाही. प्रत्येक चार्जरचा प्रवाह मीटरने मोजून वहीत लिहिला जाईल. प्रत्येक सेलला नंबर असेल आणि चार्ज करण्यापूर्वी तो फुगला आहे का ते पाहिले जाईल. कोणत्याही एका मुलाने एक नियम मोडला तर टर्मभर सर्वांचे काम बंद.

दुसऱ्या वेळी अर्ज मंजूर झाला. शेवटची अट काही मित्रांना कडक वाटते. मला ती योग्य वाटते, कारण आग लागली तर ती फक्त नियम मोडणाऱ्याची गादी पाहून लागणार नाही.

पालकांसाठी हिशेबही देतो. मोटर, सेल, चार्जिंग बोर्ड, रोधक, चुंबक आणि रंग मिळून माझा खर्च ७४० रुपये झाला. बाकी सर्व घरातले होते. रविवारी दुपारी प्रयोगशाळेत आता सात मुले येतात. ज्यांना यायचे असेल त्यांनी मोटर विकत घेण्याची घाई करू नये. आधी आपल्या आवडीची गाडी निवडा, तिची लांबी आणि वजन शोधा, १:६४ चा हिशेब करा आणि वजनाचा तक्ता भरून आणा. गाडी त्या तक्त्यात उभी राहिली की पुढचे काम हाताचे आहे, आणि हात सरावाने बसतो.